मैंदर्गीच्या सुंदरम्माचा खांदा

सोलापुरातल्या बाळीवेशीच्या मागच्या त्या गल्लीत सकाळ दोनदा होत असे. एक गिरणीच्या भोंग्यानं आणि दुसरी सुंदरम्माच्या मुसळानं. भोंगा झाला, माणसं कामाला गेली, धुणी दोरीवर चढली की सुंदरम्माच्या पडवीतून शेंगदाणे कांडल्याचा आवाज यायला लागे. दुसऱ्या बायका कांडायला उभ्या राहिल्या की पहिले घाव जोरात पडत आणि मग हळूहळू मरत जात. सुंदरम्माचा पहिला घाव आणि शेवटचा घाव एकाच वजनाचा असे.

तिची एक रीत होती. मुसळ डोक्याच्या वर न्यायचं आणि खाली येताना मनगटाला हलका पीळ द्यायचा. त्यानं दाणा नुसता फुटत नाही, चेपला जातो, आणि चेपला की तेल सोडतो. तिच्या चटणीचा गोळा मुठीत धरला तर बोटांच्या खुणा त्यावर राहत. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या मुलांच्या डब्यात तीच चटणी जाई. भुसारवाले सिद्रामप्पा तर चारचौघांत सांगत, "अंधारात खायला घाला. सुंदरम्माचा हात का दुसऱ्याचा, जिभेवर ठेवताच सांगतो."

ती मूळची अक्कलकोटकडच्या मैंदर्गीची. घरात कानडी, बाजारात मराठी. परकर सुटून लुगडं अंगावर आलं त्याच वर्षी लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा संगप्पा धान्याच्या दुकानात तोलायच्या कामाला होता. मुलगा गुरप्पा चौथीत असताना संगप्पा तापानं गेला. दिवस झाल्यावर भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आले. सामान किती, असं त्यांनी विचारलं. सुंदरम्मानं पडवीतल्या जमिनीत पुरलेल्या दगडी उखळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे गाडीत मावत न्हाय." भाऊ जेवून परत गेले. त्या उखळावर तिनं गुरप्पाला मॅट्रिक केलं, नव्या पेठेत कापडाच्या दुकानात चिकटवलं आणि त्याचं लग्न लावून दिलं.

पुढे कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं चटणी कांडायचं विजेचं यंत्र आणलं. गल्लीतल्या बायका बघायला गेल्या. सुंदरम्माही गेली. यंत्रातली चटणी चिमटीत घेऊन तिनं बोटांवर चोळली, जिभेला लावली नाही. "कोरडी हाय," एवढं म्हणून ती घरी आली. गिऱ्हाईक हललं नाही. पण आपला हात चालतोय तोवरच हे गिऱ्हाईक आपलं, हे त्या दिवसापासून तिच्या मनात पक्कं बसलं.

आणि मग हात चालेनासा झाला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. शेंगा पुन्हा बाजारात दिसायला लागल्या होत्या. बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आगेमागे तिच्या उजव्या खांद्यात कळ यायला लागली. मुसळ वर नेलं की आत कुणी दाभण खुपसतंय असं वाटे. तिनं बिब्बा लावला, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, तेल जिरवलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा तिला वडिलांचे बैल आठवले. बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून बैलांचे खांदे मळतात आणि त्यांना जू लावत नाहीत. कामानं धरलेला खांदा कामावाचून सुटतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिनं तेच केलं. खांद्याला हळद-तूप चोळलं, जुन्या इरकली लुगड्याची पट्टी फाडून झोळी केली, पदराखाली हात तिच्यात ठेवला. दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या आत हात ताजा करून घ्यायचा होता. तोवरचं थोडंथोडकं काम ती डाव्या हातानं रेटत होती.

दसऱ्याला तिनं झोळी सोडली. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. दुखणं कमी झालं होतं, पण हात दारामागे खुंटी ठोकावी तसा जागच्या जागी बसला होता.

घरात ती कुणाला काही बोलली नाही. सून दाक्षायणी करमाळ्याकडच्या जेऊरची, रेल्वेतल्या पॉइंट्समनची मुलगी, मॅट्रिक झालेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. कानडी तिला कळे, बोलताना मात्र अडखळे, म्हणून सासूशी ती मराठीतच बोलायची; फक्त 'अत्ती' ही हाक तेवढी कानडीत. एका सकाळी पूजा चालली असताना ती दारात उभी होती. सुंदरम्मानं तीन बोटांवर विभूती घेतली आणि हात कपाळाकडे न्यायच्या ऐवजी मान वाकवून कपाळ हाताकडे आणलं.

पूजा आटोपल्यावर दाक्षायणीनं विचारलं, "अत्ती, खांदा कदीपासनं धरलाय?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. कपाळ खाली येतंय की तुमचं. बुचडापण डाव्या अंगाला बांधताय."

"लई बगतीस गं. आगगाडीच्या गावची न्हवं तू. येणारं जाणारं टिपायची सवयच तुमाला." डाव्या हातानं बुचडा चाचपत सुंदरम्मा म्हणाली, "गल्लीत कळलं तर उद्या सगळ्या डबे घेऊन त्या मशीनम्होरं उभ्या ऱ्हातील. कळतंय का तुला?"

"कळतंय. पण दवाखान्यात जाऊ या."

"येते. पण गळ्यातल्या लिंगाला हात लाव. मी सांगंपर्यंत बाहेर एक शब्द न्हाय."

दाक्षायणीनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

गल्लीत सांगितलं की डोळे दाखवायला चाललोय. गुरप्पानं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि तिघं सरकारी दवाखान्यात गेली. हाडांच्या डॉक्टरांनी हात वर-खाली करायला लावला, रक्त-लघवी तपासून घेतली, साखर नाही असं सांगितलं आणि एक चिठ्ठी देऊन व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. लोक तिला शेकाची खोली म्हणत. आत लाल उजेडाचा एक दिवा होता, भिंतीत बसवलेलं मोठं चाक होतं आणि छताला कप्पी लावून दोर सोडलेला होता.

सुंदरम्मानं दोर पाहिला. "विहीर कुटं हाय?" तिनं विचारलं.

खोलीतला तरुण हसला. तो फिजिओथेरपिस्ट, रामहरी व्यवहारे, करकंबच्या शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकून आलेला. सगळी हकीकत ऐकून घेऊन तो म्हणाला, "मावशी, तुमचा खांदा गोठलाय."

"साहेब, सोलापुरात माणूस वितळतोय. गोठतोय कुटं?"

"आतून गोठलाय. सांध्याभोवती एक पिशवी असते. ती आकसून हाडाला घट्ट बसलीय. तुम्ही हात जितका बांधून ठेवलात तितकी ती आखडत गेली."

"बैलाचा तर सुटतोय की. आमच्या वडिलांच्या बैलांचा खांदा मी सोता मळलाय."

व्यवहारे हसले नाहीत. "आमच्याकडंही मळतात," ते म्हणाले. "बैलाचा खांदा जुवानं वरून सुजतो, म्हणून विसाव्यानं उतरतो. पण तोच बैल बेंदरापासून दसऱ्यापर्यंत गोठ्यात बांधून ठेवला तर?"

सुंदरम्मानं विचार केला. "अवघडल. गाडीला लागायचा न्हाय."

"तेच झालंय."

ते हात धरायला पुढे आले तशी तिनं पदर ओढून घेतला. परक्या बाप्याच्या हातात हात द्यायचा नाही, यावर ती अडून बसली. खात्यात बाई कुणी नव्हती. व्यवहाऱ्यांना हे नवीन नसावं. त्यांनी गुरप्पाला स्टुलावर बसवलं, दाक्षायणीला जवळ बोलावलं आणि गुरप्पाच्या खांद्यावर सगळं करून दाखवलं. एक हात पाठीच्या फऱ्यावर दाबून ठेवायचा, म्हणजे नुसता खांदा उचलून फसवता येत नाही. दुसरा कोपराखाली. हिसका द्यायचा नाही. अडलं की तिथंच धरून राहायचं, श्वास सुटला की बोटभर पुढं जायचं. मग तेच दाक्षायणीकडून करून घेतलं.

"अव्वा गं," गुरप्पा कळवळला.

"याला काय बी झालेलं न्हाय," सुंदरम्मा सुनेला म्हणाली. "जोरात कर."

व्यवहाऱ्यांनी घरी करायचं सगळं सांगितलं. आधी शेक. मग वाकून, हातात पाण्याचा तांब्या धरून हात घंटेसारखा झुलवायचा. मग भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चालवायची. आणि शेवटी सुनेनं हात न्यायचा. "दुखेल. ओरडतील," ते दाक्षायणीला म्हणाले. "ओरडतायत तोवर भिऊ नका. ओरडणारा माणूस श्वास घेत असतो. दात दाबून गप्प बसल्या की सगळे स्नायू ताठ होतात, मग जोर करायचा नाही. गप्प बसल्या की सोडायचं."

ही अट सुंदरम्माला सगळ्यात अवघड गेली. बाळंतपणात तिचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता. संगप्पा गेला तेव्हाही ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. आता रोज दुपारी दार लावून सून तिच्यामागे बसायची, कोपराखाली हात घालायची, आणि ती ओठ मिटून घ्यायची. दाक्षायणी लगेच हात सोडून द्यायची.

"का सोडलीस?"

"तुमी गप बसला."

"मला वरडायची सवय न्हाय."

"मग हात वर जायाची सवय कशी लागंल? वरडा अत्ती."

दोन-तीन दुपारी अशाच गेल्या. मग एके दिवशी सुंदरम्मानं तोंड उघडलं, आणि उघडलं ते अर्ध्या कानडीत. "साकु गं, साकु, मेले मी, बिड." पुरे, सोड. दाक्षायणीला तेवढं कानडी येत होतं. तिनं धरून ठेवलं, श्वास सुटायची वाट पाहिली आणि हात बोटभर पुढं नेला. त्या दिवशी बोटं पोचली तिथं तिनं भिंतीवर कोळशानं आडवी रेघ मारली.

चटणीचं काम थांबवता येत नव्हतं. सकाळी पडवीला गोणपाट लावून दाक्षायणी मुसळ घेऊन उभी राहायची आणि सुंदरम्मा उखळाजवळ पाटावर बसायची. पहिल्या दिवसाची चटणी तिनं घरात खायला ठेवली. "दाण्याचा भुगा केलास. भांडाय लागलीस का त्याच्याशी?" मग मनगटाचा पीळ दाखवायला तिनं आपला डावा हात सुनेच्या हातावर ठेवला. नंतर ती डोळे मिटून नुसता आवाज ऐकायची आणि म्हणायची, "हलका पडला. परत." दिवाळी येईपर्यंत तिचं "परत" बंद झालं. चटणी डब्यांत भरून गेली. सिद्रामप्पांच्या घरून निरोप आला की यंदाची जास्त झकास झालीय, अजून पाठवा.

समोरच्या घरात चंद्रव्वा राहायची. सकाळी गोणपाट आणि दुपारी बंद दार, हे तिनं दोन-चार दिवसांत हेरलं.

"अक्का, पडवीला आडोसा का लावताय आताशा?"

"मांजर येतंय," सुंदरम्मा म्हणाली.

मांजराचं ठीक होतं. पण दुपारी दारामागून म्हातारीचं ओरडणं येत होतं आणि मग दार उघडून सून घाम पुसत बाहेर येत होती. मागोमाग सासू, डोळे लाल, हात पोटाशी धरलेला. जिच्या तोंडून कधी कुणी हुं ऐकलं नाही ती बाई 'मेले मेले' म्हणून ओरडते याचा अर्थ गल्लीनं लावला, आणि तो एकच लागत होता. नळावर बायका दाक्षायणी आली की बोलायच्या थांबायला लागल्या. तिची घागर कुणी पुढं घेईना. "शिकलेल्या पोरी," चंद्रव्वा दुसरीला ऐकवायची, "वरनं गाई. घरात बगावं." दाक्षायणी घागर भरून निघून यायची. शब्द दिला होता. घरी आल्यावर सासूलाही तिनं यातलं काही सांगितलं नाही.

कार्तिक सरत आला होता. हात डोळ्यांच्या रेषेपर्यंत आला होता. अशा एका दुपारी, दार नुकतंच उघडलं होतं, तेव्हा सिद्रामप्पा अंगणात आले. बरोबर गल्लीतले दोघे वडीलधारे आणि मागं पदर सावरत चंद्रव्वा. सिद्रामप्पांनी वाटेत गुरप्पालाही दुकानातून उठवून आणलं होतं. तो खाली मान घालून उभा होता.

सुंदरम्मानं घोंगडी अंथरली. पाणी झालं. सिद्रामप्पा खाकरले.

"सुंदरम्मा, तुमी आमाला बहिणीसारख्या. घरातलं घरात ऱ्हावं हे खरं. पण कानावर येतंय ते बरं न्हाय."

"काय येतंय?"

"तुमचं वरडणं येतंय," चंद्रव्वा म्हणाली. "रोज. आमी काय बहिऱ्या हाय का, अक्का?"

"आमच्या घरात काय न्हाय," सुंदरम्मा म्हणाली. तिनं हात पदराखाली घेतला.

"भिऊ नका. आमी हाय." सिद्रामप्पा गुरप्पाकडे वळले. "तू बापई हायस. बायकोला समज देता येत न्हाय तर चार महिने जेऊरला पोचती कर. तिच्या बापाला मी सोता पत्र टाकतो. आईवर हात टाकणारी सून या गल्लीत नांदायची न्हाय."

गुरप्पा तोंड उघडायला गेला आणि त्यानं आईकडे पाहिलं. शपथ त्यानं घेतली नव्हती, पण आईच्या पुढं बोलायची हिंमतही त्याच्यात नव्हती. दाक्षायणी चौकटीला टेकून उभी होती. तिच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. ती सासूकडे पाहत होती. तिच्या मनात आलं असतं तर एका वाक्यात ती सुटली असती.

सुंदरम्मानं तिच्याकडे पाहिलं. नळावरचं सगळं तिला त्या एका क्षणी कळलं असावं, कारण ती चंद्रव्वाकडे वळून एवढंच म्हणाली, "हिला पाणी तरी भरू देताय का न्हाय?"

चंद्रव्वा पदराचं टोक चाळवायला लागली.

सुंदरम्मा उठली आणि माजघराच्या भिंतीशी गेली. "हिकडं या सगळी. सिद्रामप्पाअण्णा, तुमीबी या."

भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा होत्या, खालून वर चढत गेलेल्या.

"ही खालची रेघ दसऱ्यानंतरची. माझा हात हितं अडकला हुता. बैलागत बांधून ठिवला म्हणून गोठला, डाक्टर म्हणला. आनि ही वरची आजची." तिनं बोटं भिंतीला लावली आणि मुंगीसारखी वर चालवली. पोचतील तिथं पोचली. "हितपर्यंत कुणी आणला? देवानं न्हाय, डाक्टरनं न्हाय. मी डाक्टरला हात लावू दिला न्हाय. हिनं आणला."

दोघे वडीलधारे रेघा बघायला वाकले.

"दाक्षायणी, ये. म्हागं बस."

"अत्ती, आजचं झालंय."

"परत."

सगळ्यांच्या समोर सुंदरम्मा पाटावर बसली. दाक्षायणी मागं बसली, एक हात फऱ्यावर, दुसरा कोपराखाली. हात वर निघाला, अडला. "साकु गं, मेले, बिड," सुंदरम्मा ओरडली. रोजच्यापेक्षा मोठ्यानं. चंद्रव्वानं पदर तोंडावर धरला. सिद्रामप्पा अर्धे उठले. दाक्षायणीनं धरून ठेवलं, श्वास सुटला, हात बोटभर पुढं गेला.

हात खाली आल्यावर सुंदरम्मानं डोळे पुसले आणि समोर पाहिलं. "हाच का गं आवाज, चंद्रव्वा? नीट ऐक. न्हायतर परत वरडते."

गुरप्पाला हसू आवरेना. दुसऱ्या एका वडीलधाऱ्यालाही आवरेना. चंद्रव्वा म्हणाली, "आमाला काय ठाऊक, अक्का. सांगायचं हुतं की."

"सांगायचं हुतं. सांगितलं न्हाय. चटणीचं गिऱ्हाईक जाईल म्हणून हिचं तोंड मी बांधलं. लिंगाला हात लावायला लावला, आनि हिनं तुमचं समदं ऐकून घेतलं, पर शब्द मोडला न्हाय. आता मी सोडते." मग ती सिद्रामप्पांना म्हणाली, "अण्णा, दिवाळीची चटणी कशी झालती?"

"झकास. म्हणून तर परत मागिवली."

"अंधारात वळखता न्हवं माझा हात?"

"व्हय."

"मग उजेडात ऐका. दसऱ्यापासनं तुमी खाताय ती हिच्या हातची हाय. मी पाटावर बसून हुते."

सिद्रामप्पांनी मान डोलावली, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात तुमचाच हाय, सुंदरम्मा. हिच्यात आलाय." बोलणं त्यांनी सावरून घेतलं हे सगळ्यांना कळलं. पण सुंदरम्माला ते आवडलं. जेऊरला पत्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीचं गोणपाट काढलं. गिऱ्हाईक यंत्रापुढं उभं राहील ही सुंदरम्माची भीती खोटी ठरली. उलट कोण कांडतंय ते बघायला दोन घरं जास्तच आली. नळावर चंद्रव्वानं दाक्षायणीची घागर उचलून पुढं ठेवली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी ती डावा दंड चोळत आली. "माझाबी जरा बगती का तुमची सून?"

"आदी डाक्टरला दाखव," सुंदरम्मा म्हणाली. "मग ये. वरडायला दार आमचं हाय."

संक्रांतीनंतर सुंदरम्मा एकदाच दवाखान्यात गेली, हात दाखवायला. व्यवहाऱ्यांनी दुरूनच पाहिलं. पूर्ण वर, कानाला लागेपर्यंत हात जात नव्हता. वीतभर कमीच पडत होता. तो तेवढा येईलही, नाही येणारही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रोजचं करत राहा म्हणाले. मग दाक्षायणीला विचारलं, हे काम शिकायचं आहे का, पुण्या-मुंबईला कोर्स असतो. ती लाजली. सुंदरम्मा म्हणाली, "शिकलेलीच हाय ती."

उन्हाळ्यात तिनं पुन्हा मुसळ धरलं. डोक्याच्या वर जाईना, कपाळापर्यंत जायचं, आणि मनगटाचा पीळ होता तसा होता. थोडं कांडून ती मुसळ सुनेकडे द्यायची. पुढं पुढं दोघी दोन बाजूंना उभ्या राहायला लागल्या, एक उखळ आणि दोन मुसळं, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. गल्लीतल्या लोकांना घाव कुणाचा ते ओळखू येत नव्हतं. सुंदरम्माला येत होतं. वीतभर राहिलेल्या हाताबद्दल कुणी हळहळलं की ती सुनेकडं हनुवटी करून म्हणायची, "ते उरलेलं हिचं. ती नेईल वर."

पूजेला बसल्यावर आता ती तीन बोटांवर विभूती घ्यायची आणि हात कपाळाकडे न्यायची. मान ताठ.